पावतीपुस्तक क्रमांक सात

आमच्याकडं विहिरीचं पाणी खारं.
पूर्णेच्या दोन्ही अंगांनी खारपाणपट्टा,
डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही.
कुंजनचा मुका घेतला आणि ओठ खारट झाले
तेव्हा मी म्हटलं, गावच उतरलंय हिच्या कातडीवर.

तीन वर्षं तसंच म्हटलं.
तीन वर्षं खाल्लेलं अंगी लागलं नाही.
निमोनिया, दृष्ट, पुन्हा निमोनिया.
मग नागपूरच्या डॉक्टरीणबाईंनी
तिच्या दंडावरचा घाम गोळा केला, तपासला,
आणि म्हणाल्या, यात पाण्याचा काही दोष नाही.
रोगाचं नाव सांगितलं. सिस्टिक फायब्रोसिस.
परतीच्या बसमध्ये मी ते पुटपुटत राहिले,
कोंढाळी येईतो जिभेला जमलं.

हिचे बाबा वरातीत ताशा वाजवतात.
रात्री दोनला आले तरी पाचला उठतात,
पोरीला मांडीवर पालथी घालून
पोकळ तळव्यानं पाठीवर थाप देतात,
डावीकडं, उजवीकडं, बरगड्यांच्या कडेनं,
आतला चिकट कफ सुटेपर्यंत.
कधी चुकून लग्नाचा ठेका लागतो.
ती उलट्या तोंडानं हसते, मग खोकते.

जिल्ह्याच्या दवाखान्यात एकच हॉल, वीस खाटा.
तिथं बाळापूरचा अफान भेटला, नऊ वर्षांचा.
तोच रोग, तोच घाम.
मला वाटलं, बरं झालं, खेळतील दोघं.
सिस्टर धावत आली, दूर बसवा, दूर,
एकाच्या छातीतले जंतू दुसऱ्याला भोवतात.
साऱ्या मुलखात हिचं दुखणं कळेल असं एकच पोरगं,
आणि त्याच्याशी बोलायचं ते व्हरांड्याच्या दोन टोकांवरून,
हात हलवून.

म्हणून सहा खोल्या.
प्रत्येक खोलीला वेगळं दार, वेगळा नळ, उघडणारी खिडकी.
म्हणून दर्यापूरच्या छापखान्यातून पावतीपुस्तकं,
आणि सातवं माझ्या पिशवीत.

जिनवाल्या शेठनं अकरा हजार दिले, फोटोसकट.
शंकरपटाच्या पंचांनी माईक दिला, दोन मिनिटं,
तेवढ्यात जोडी सुटली, कोणी ऐकलं नाही.
पानठेल्यावर एकानं विचारलं,
"दोन लेकरायसाठी सहा खोल्या कायले, बाई?"
मला उत्तर सुचलं नाही.
घरी येऊन भाकरी थापताना सुचलं,
तेही धड नाही.

सोमवारच्या बाजारात मालताबाई खंडारे,
समोर अंबाडीच्या जुड्या, ओल्या गोणपाटावर.
तिनं सगळं ऐकून घेतलं, मग म्हणाली,
"खारट? मुका घेतल्यावर?"
"हो."
"कपाळ बी?"
"कपाळच जास्त."
ती बराच वेळ तागडीचं पारडं पुसत राहिली.
मग ओच्यातून एक्कावन्न रुपये काढले, चिल्लर धरून.
"लिही."
"कोणाच्या नावानं?"
"माह्या पहिल्या पोराच्या."
"नाव काय त्याचं?"
"बारसं कुठं झालं, माय."

पेन तसाच राहिला रकान्यावर.
शेजारची कांदेवाली पुढं सरकली,
"माह्या नणंदेची पोट्टी बी अशीच होती."
मग मिरचीवाला. मग टोपली घेऊन आलेली कोणी,
जिला मी ओळखत नव्हते, तिची दोन.
उन्हं उतरली तेव्हा पुस्तकात पान उरलं नव्हतं.

हिशेब तपासायला अंबुलकर काका बसतात,
बँकेतून निवृत्त, लाल पेनाचे.
म्हणाले, ताई, एकशे बारापासून पुढं
दहा पावत्यांवर नावच नाही, ऑडिटला काय दाखवू?
मी सांगितलं.
त्यांनी लाल पेन टोपणात घातला,
रकमा पुन्हा एकदा मोजल्या, बोटांवर, हळूहळू.
जुळल्या.
बाहेर हिचे बाबा थाप देत होते.